वडनेर भोलजीवरून जाणारा हायवे हिराकुडकडे जातो, आणि तिथं भेटतात 'पाणीवाले' बाबासाहेब

मलकापूर सोडून नांदुऱ्याकडे निघालं की वाटेत वडनेर भोलजी लागतं. बुलढाणा जिल्ह्यातलं हायवेवरचं गाव. जुन्या लोकांच्या तोंडी हा रस्ता अजून 'सहा नंबर'च आहे, कागदावर मात्र आता तो राष्ट्रीय महामार्ग 53 झालाय. हाच रस्ता धरून पूर्वेला जात राहिलं, की अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर करत ओडिशातलं संबलपूर येतं. संबलपूरच्या जवळ महानदीवर उभं आहे हिराकुड धरण.

आता तुम्ही म्हणाल, नांदुरा तालुक्यातल्या गावाचा आणि हिराकुडचा संबंध काय? तर संबंध आहे, आणि तो जोडणाऱ्या माणसाचं नाव आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

संविधान, महाडचं चवदार तळं, धर्मांतर हे बाबासाहेब सगळ्यांना माहिती आहेत. पण देशातल्या नद्यांवर महाकाय प्रकल्प उभे करून पूर आणि दुष्काळ दोन्हींना वेसण घालायची आखणी ज्या काळात झाली, तेव्हा ते खातं त्यांच्याकडे होतं, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

पाण्याशी त्यांची गाठ लहानपणीच पडली होती. 1901 च्या सुमारास लहानगा भीमराव भावंडांसोबत वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाला. वडील कामानिमित्त गोरेगावला होते. मसूर स्टेशनवर उतरून पुढं बैलगाडीचा प्रवास. सोबत जेवणाचा डबा होता, पण जात कळल्यावर वाटेत कुणी पाणी दिलं नाही. घशाखाली घास उतरवायला पाणीच नाही म्हटल्यावर पोरं भरल्या डब्यासह उपाशी झोपली. पुढं 20 मार्च 1927 ला महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेणाऱ्या नेत्याच्या मागं ही रात्र होती.

मधल्या काळात कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स इथं त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. 1918 मध्ये भारतातल्या लहान शेतजमिनींवर त्यांनी एक निबंध लिहिला. मुद्दा साधा होता. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं अवलंबून आहेत, त्यांना उद्योगात काम मिळालं नाही तर नुसते बांध सरकवून गरिबी हटणार नाही. उद्योगाला वीज लागते, आणि वीज पाण्यातून मिळू शकते. पुढच्या कामाचं बीज इथं दिसतं.

जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमसदस्य झाले. आजच्या भाषेत कामगारमंत्री. पण या खात्याकडे वीज आणि पाण्याच्या नियोजनाचं कामही आलं.

आणि वर्षभरातच दामोदर नदी कोपली.

'बंगालचं दुःख' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या नदीनं जुलै 1943 मध्ये बांध फोडला. कोलकात्याकडे जाणारी रेल्वे आणि ग्रँड ट्रंक रोड तुटला. दुसरं महायुद्ध सुरू, त्यात बंगालमध्ये भीषण दुष्काळ. म्हणजे एकीकडे माणसं अन्नावाचून मरत होती आणि दुसरीकडे नदी शेतं बुडवत होती.

तोवर पुरावर एकच ठरलेला उपाय होता, काठाला बांध घाला आणि पाणी लवकर समुद्रात घालवा. नव्या विचारानं हे गणित उलटं केलं. पाणी जास्त झालं म्हणून संकट येत नाही, ते साठवायची सोय नाही म्हणून येतं. एकाच धरणानं पूर अडवायचा, त्याच पाण्यावर वीज करायची, तेच पाणी शेताला द्यायचं, जमलं तर त्यावर नावाही चालवायच्या. यालाच बहुउद्देशीय प्रकल्प म्हणतात.

यासाठी नमुना होता अमेरिकेतल्या टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीचा. 1933 मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेनं अख्खं नदीखोरं एका हाताखाली आणलं होतं. तिथलेच अभियंते व्हूर्डुइन यांना भारतात बोलावलं गेलं. ऑगस्ट 1944 मध्ये त्यांनी दामोदर खोऱ्यासाठी आठ धरणांचा आराखडा दिला.

अडचण अशी की पाणी हा प्रांतांचा विषय. नदी बिहारमधून यायची आणि बुडायचं बंगाल. धरणात जमीन एकाची जाणार आणि फायदा दुसऱ्याचा होणार, मग तयार कोण होणार? बाबासाहेबांनी दोन्ही प्रांतांना एका टेबलावर बसवलं. जानेवारी 1945 मध्ये कोलकात्यात बैठक झाली. नदी सरहद्द पाळत नाही, त्यामुळं खोऱ्याचा विचार एकसंध व्हायला हवा आणि त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण हवं, हा त्यांचा आग्रह होता.

त्याच वर्षी केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग स्थापन झाला. ए. एन. खोसला त्याचे अध्यक्ष. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. नोव्हेंबर 1945 मध्ये कटकच्या बैठकीत महानदीचा विषय आला आणि मार्च 1946 मध्ये हिराकुडची पायाभरणी झाली. बाबासाहेबांचा कार्यकाळ 1946 मध्ये संपला, पण गाडी रुळावर आली होती. 1948 मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशन उभं राहिलं, 1957 मध्ये हिराकुडचं उद्घाटन झालं.

मग सगळं छान झालं का? नाही.

दामोदरवर आठपैकी चारच धरणं कॉर्पोरेशननं बांधली. तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत. पूर कमी झाले, पण थांबले नाहीत. हिराकुडच्या पाण्याखाली दोनशेहून जास्त गावं गेली, लाखाहून अधिक लोक विस्थापित झाल्याचे अंदाज आहेत. त्यांच्यातल्या अनेकांच्या वाट्याला वीजही आली नाही आणि पाणीही. ज्या माणसाचं आयुष्य पाण्यावरच्या हक्कासाठी झगडण्यात गेलं, त्याच्या काळात आखलेल्या प्रकल्पांनाही हा प्रश्न चुकला नाही.

आता परत वडनेर भोलजीला या.

याच नांदुरा तालुक्यात पूर्णा नदीवर जिगाव प्रकल्प होतोय. पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा प्रसिद्ध आहे, विहीर खोदली तरी पाणी खारट लागतं. त्यामुळं गोड्या पाण्याचं धरण इथं चैनीची गोष्ट नाही. पण त्यासाठी गावंच्या गावं उठवावी लागतायत, आणि वर्षानुवर्षं लोक मोबदला आणि पुनर्वसनासाठी खेटे घालतायत. दुसरीकडे भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्दचं पाणी सुमारे 426 किलोमीटरच्या कालव्यानं बुलढाणा जिल्ह्यातल्या नळगंगेपर्यंत आणायची वैनगंगा-नळगंगा योजना आहे.

हवामान बदलामुळं कधी ढगफुटी तर कधी कोरडा पावसाळा असं झाल्यावर असे प्रचंड प्रकल्प जगभर पुन्हा चर्चेत आलेत. 1945 मध्ये टेबलावर असलेला प्रश्न आजही तिथंच आहे. काँक्रीट किती लागेल याचं उत्तर अभियंते देतात. पाणी कुणाच्या शेतात जाणार आणि घर कुणाचं बुडणार, हे मात्र कुणीतरी ठरवत असतं. तहानलेल्या पोटी झोपलेल्या त्या पोराची गोष्ट नेमकी तिथं आठवायला हवी.