गोमेच्या आतड्यातून मलेरियाकडे

पावसाळ्यात गुरुकुंज मोझरीच्या शिवारात धुऱ्यावरचा दगड उलटला, की खालून गोम सरसर पळते. तिच्या आतड्यात ग्रेगॅरीन, कॉक्सिडिया असे एकपेशीय परजीवी राहतात. भारतीय गोमींतल्या तीन नव्या ग्रेगॅरीनांचे वर्णन एस. बी. सेटना यांनी १९३१ मध्ये केले. माणसाला यांचा उपद्रव नाही. पण मलेरियाचा जंतू यांच्याच गोतावळ्यातला. पेशीला चिकटायला, आत घुसायला सगळ्यांच्या टोकाशी एकसारखी रचना असते. म्हणून आज ते एपिकॉम्प्लेक्सा या एकाच संघात मोडतात.

हे नाते उलगडणाऱ्यांपैकी एक जर्मन प्राणिशास्त्रज्ञ फ्रिट्झ शाउडिन. जन्म १८७१, पूर्व प्रशियातला. बर्लिनला भाषा शिकायला गेले आणि प्राणिशास्त्रात रमले. गोमेतल्या कॉक्सिडियाचा पूर्ण जीवनक्रम त्यांनी १९०० मध्ये मांडला. हा जीव आतड्याच्या पेशीत शिरतो, फुटून अनेक होतो, पुन्हा नव्या पेशी गाठतो. पुढे नर-मादी रूपे तयार होतात, त्यांच्या मीलनातून कवचबंद बीजे बनतात, ती विष्ठेवाटे बाहेर पडून दुसऱ्या गोमेच्या पोटात जातात. पूर्वी एकाच जिवाच्या या अवस्था वेगळ्या जाती समजल्या जात; तो घोळ मिटला. मलेरियाची चालही अशीच दुहेरी. मीलन तेवढे डासाच्या पोटात होते.

मलेरियात मात्र शाउडिन यांची नजर चुकली. डासाने सोडलेले जंतू थेट तांबड्या पेशीत शिरताना पाहिल्याचे त्यांनी १९०३ च्या सुमारास लिहिले. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द खोडणार कोण? जंतू आधी यकृतात मुक्काम करतो, हे शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी दाखवले ते १९४८ मध्ये. व्हायव्हॅक्स मलेरिया बरा झाल्यावर महिन्यांनी उलटतो, तो यकृतात दडलेल्या रूपांमुळेच. ताप गेला तरी डॉक्टर १४ दिवस प्रायमाक्विन घ्यायला सांगतात, ते यासाठी.

१९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमन यांनी सिफिलिसचा जंतू शोधला. आमांशाच्या अमिबाचे प्रयोग शाउडिन यांनी स्वतःवरही केले होते. लिस्बनच्या वैद्यकीय परिषदेहून परतताना अमिबाच्या गळवाने ते अत्यवस्थ झाले. २२ जून १९०६ रोजी हॅम्बुर्गमध्ये ते वारले. वय अवघे ३४.