शाहीर होनाजी

मुलांनो, आपल्या साखरखेर्ड्याला १७२४ साली निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान यांची मोठी लढाई झाली. मुबारिझखान तेथे मारला गेला. इतिहासात सेनापतींची नावे येतात. पण जे शिपाई घरी परतले नाहीत, त्यांची वाट पाहणाऱ्या बायकांचे काय झाले असेल? ते बहुधा गाण्यांतच सापडते. अशी गाणी रचणारे एक मोठे शाहीर पुढे पेशवाईच्या अखेरीस पुण्यात होऊन गेले. त्यांचे नाव होनाजी.

होनाजी जातीने गवळी. घरचा धंदा दुधाचा. ते गाणी रचत आणि त्यांचे जोडीदार बाळा करंजकर ती गात. म्हणून लोक होनाजी बाळा असे म्हणू लागले. हे एकाच माणसाचे नाव आहे, असे पुष्कळांना वाटते. लहानपणी मलाही तसेच वाटे.

गवळण म्हणजे गवळ्याची बायको, आणि तिच्या गाण्यालाही गवळणच म्हणतात. कृष्ण गोकुळ सोडून मथुरेला गेला. राधा आणि गोपी मागे राहिल्या. गाई त्याच, यमुनेचा काठ तोच, पण बासरी वाजेना. हे दुःख संतांनीही गायिले होते. होनाजी मात्र स्वतः गवळी. गोठ्यातली पहाट त्यांना कोणी सांगावी लागत नव्हती.

त्या काळी मराठी फौजा दसऱ्याला मोहिमेवर निघत. घरधनी कधी परतेल, याचा नेम नसे. त्यामुळे लावणीतील विरहिणी ऐकणाऱ्यांच्या घरोघरी होती. तुमच्या उर्दूतही ही स्त्री आहे. अफजल यांच्या बिकट कहानीत ती महिन्यामागून महिना मोजत रडते. होनाजींच्या काळचे दुसरे नामवंत शाहीर सगनभाऊ हे मुसलमान होते. त्यांचा धंदा शिकलगाराचा, म्हणजे हत्यारांना धार लावण्याचा.

दुसऱ्या बाजीरावांनी होनाजींना आश्रय दिला. लावणी रागदारीत बसवण्याचे श्रेय होनाजींना देतात. १८१८ साली पेशवाई बुडाली, पण गाणी उरली. १९५१ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर अमर भूपाळी हा चित्रपट काढला, तो त्यांच्या एका भूपाळीवरून. मला ती सर्वांत आवडते. तिच्यात नुकतेच उजाडले आहे, कृष्णाला जागे करायचे आहे, आणि तो अजून गोकुळातच आहे.