कवायती फौजेचा ठेकेदार : डी बॉइन

महादजी शिंद्यांचा कवायती सेनापती म्हणून डी बॉइन आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटतो. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्यामुळे मला मात्र त्याच्या लढायांपेक्षा त्याचा व्यवहारच अधिक बोलका वाटतो.

त्याचा जन्म १७५१ साली सॅव्हॉय प्रांतातील शांबेरी गावी, एका व्यापाऱ्याच्या घरी झाला. फ्रान्स व रशिया यांच्या सैन्यात चाकरी करून, तुर्कांची कैद भोगून १७७८ साली तो मद्रासला उतरला. १७८४ मध्ये महादजींनी त्याला पदरी ठेवले.

त्या काळी शिपायांचे पगार महिनोन्महिने थकत. डी बॉइनच्या पलटणींना पगार वेळेवर मिळे, आणि त्याचे बळ त्यातच होते. त्यासाठी महादजींनी अलीगढकडील दुआबातला मोठा मुलूख त्याच्याकडे लावून दिला. वसुलीतून फौज पोसायची आणि वसुलीवर स्वतःची दलाली घ्यायची! सेनापती, मामलेदार आणि ठेकेदार एकच. शिवाय निळीचा व्यापार होताच. जखमी शिपायांना तो भरपाई देई, हेही त्याच्या खात्यावर जमा धरले पाहिजे.

१७९० मध्ये पाटण व मेडता येथे त्याने राजपुतांचा पराभव केला. १७९३ मध्ये लाखेरीला त्याच्यासमोर होळकरांच्या पलटणी होत्या. त्यांनाही तयार केले होते एका फ्रेंच माणसानेच. शिंदे-होळकरांचे वैर असे दोन परक्या ठेकेदारांच्या हाती गेले.

१७९४ मध्ये महादजी वारले. पुढच्याच वर्षी डी बॉइनने चाकरी सोडली आणि तो अफाट संपत्ती घेऊन युरोपला परतला. शांबेरीत त्याने दानधर्मही पुष्कळ केला. १८३० साली तो वारला. १८३८ मध्ये तेथे त्याच्या स्मरणार्थ हत्तींचे कारंजे उभे राहिले.

इकडे १८०३ साली इंग्रजांशी युद्ध पेटले. डी बॉइनच्या जागी आलेला पेराँ कंपनीच्या आश्रयाला गेला; कित्येक गोरे अधिकारीही शिंद्यांना सोडून गेले. ४ सप्टेंबरला अलीगढचा किल्ला पडला. नोव्हेंबरात लासवारीला मात्र त्याच पलटणींचे शिपाई अधिकाऱ्यांवाचून अखेरपर्यंत झुंजले.

मित्रहो, ठेकेदाराने करार पाळला, नफा घेतला आणि तो गेला. त्यात त्याला दोष देता येणार नाही. दोष द्यायचाच तर राज्याची तलवार ठेक्याने देणाऱ्या कारभाराला द्यावा लागेल. लासवारीच्या त्या शिपायांचे कारंजे कोठेही नाही.