शाई फिसकटते का? ‘कॅमल’वाल्या दांडेकरांची गोष्ट
वहीवर हात फिरला आणि शाई फिसकटली? याच कसोटीच्या धंद्यात दि. प. दांडेकर उतरले. १९३१ साली त्यांनी भाऊ गो. प. यांच्यासोबत मुंबईत ‘हॉर्स ब्रँड’ शाईची पूड आणि गोळ्या बनवायला सुरुवात केली. पुढे फाउंटन पेनसाठी ‘कॅमल इंक’ आली. त्यावरूनच ‘कॅम्लिन’ हे नाव पडलं.

पेनची शाई म्हणजे मुख्यतः पाणी आणि रंग. ती झटकन वाळणारी केली, तर निबमध्येच सुकते. म्हणून तिच्यात ग्लिसरीनसारखा ओलावा धरणारा पदार्थ घालतात. तो जास्त झाला, कागद गुळगुळीत असला किंवा कराडच्या पावसाळ्यासारखी दमट हवा असली, की अक्षर ओलंच राहतं.

पेन अडू नये आणि अक्षरही वाळावं, हा तोल सांभाळतच दांडेकरांची शाई परदेशी दौतींसमोर टिकली.