दोन गावांचे शेटजी : जमनालाल बजाज



माउली हो, आपल्या दिंडीच्या शंभरीच्या पुस्तकात आम्ही एका मारवाडी शेटजीचं चरित्र लिहायला घेतलं. कोणी म्हणेल, पेढीवरच्या माणसाचं इथं काय काम? काम आहे, ते पुढं येईलच.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा. गाव काशी का बास, राजस्थानात सीकरजवळ. वाळूचा मुलूख, पाण्याचे हाल, आईबाप गरीब. त्याच मुलखातले बच्छराज शेट वर्ध्याला येऊन व्यापारात मोठे झाले होते, पण घरात वारस उरला नव्हता. गावाकडं गेले तेव्हा हे लेकरू त्यांच्या नजरेत भरलं. नातू म्हणून दत्तक मागितलं. आईबापानं लेकराच्या बदल्यात पैसा घेतला नाही. मग बच्छराज शेटनं गावाला पक्की विहीर बांधून दिली. लेकरू तेव्हा अवघं चार-पाच वर्षांचं. आम्ही कास्तकार माणसं, पाण्याचं मोल जाणतो; पण त्या विहिरीचं पाणी भरताना मायच्या जिवाला काय होत असेल, ते लेकुरवाळ्या बायांनीच समजावं.

वर्ध्यात शिक्षण झालं चौथीपर्यंत, म्हणजे आमच्याएवढंच. पुढं पेढीवर बसले. सतरा वर्षांचे असताना लग्नाला दागिने घालून जाण्यावरून आजोबा रागावले, धनाचा बोल लावला. पोरानं कागद लिहून दिला की तुमच्या इस्टेटीवर माझा हक्क नाही, अन् घर सोडलं. शेटनं समजूत घालून परत आणलं. १९०७ साली बच्छराज वारले आणि ज्या धनावर पाणी सोडलं होतं तेच ओंजळीत आलं. एकदा सोडलेलं धन त्यांनी पुन्हा आपलं मानलं नाही, सांभाळकरी होऊन राहिले. धंदा मात्र चोख केला. तोही करावा लागतो बाप्पा, रिकाम्या कणगीतून दान निघत नाही.

आता मुख्य गोष्ट. वर्ध्यात त्यांच्या घराण्यानं बांधलेलं लक्ष्मीनारायणाचं मंदिर आहे. जुलै १९२८ मध्ये पंचांचं मन वळवून ते त्यांनी अस्पृश्य म्हणवल्या गेलेल्या भावंडांना खुलं केलं. जातवाले अन् जुनी मंडळी रागावली. शेटजी मागं हटले नाहीत, आपल्या विहिरीही मोकळ्या केल्या. पुढं आपल्या वऱ्हाडात एलिचपूरचं दत्तमंदिर उघडलं, त्यातही त्यांची खटपट होती. चोखोबा आपल्या वऱ्हाडचे, मेहुणाराजाचे. त्यांची समाधी महाद्वारापाशी, दाराबाहेर. पंढरीचं दार उघडायला १९४७ साली साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. वर्ध्याच्या व्यापाऱ्यानं आपल्या घरचं दार त्याच्या एकोणीस वर्षं आधी उघडलं होतं. म्हणून हे चरित्र या पुस्तकात.

गांधीजींना ते बाप मानत. सरकारनं दिलेली रायबहादुरी त्यांनी सोडली. विनोबा वर्ध्याला राहिले, १९३६ साली गांधीजी शेगावला राहायला आले, तेच पुढं सेवाग्राम. या सगळ्यामागं शेटजींचा हात. हे शेगाव वर्ध्याचं, गजानन महाराजांचं नव्हे.

पण जन्मगाव सुटलं नव्हतं. १९३८ च्या अखेरीस तिकडं दुष्काळ पडला. शेटजी मदतीच्या कामाला निघाले, तर जयपूर दरबारानं सवाई माधोपूरलाच अडवलं, राज्यात यायला बंदी. वर्ध्यात दुसऱ्यांना दार उघडून देणाऱ्याला आपल्याच मुलखाचं दार बंद! फेब्रुवारी १९३९ मध्ये बंदी मोडून ते आत गेले. दरबारानं धरून कैदेत टाकलं, ऑगस्टात सोडलं.

शेवटी गोसेवेला लागले, वर्ध्याजवळ गोपुरीत झोपडीत राहिले. ११ फेब्रुवारी १९४२ ला देह ठेवला. वय फक्त बावन्न. मागं जानकीदेवी होत्या. विनोबांची भूदानाची पदयात्रा सुरू झाली तेव्हा त्या माउलीनं जमिनीबरोबर विहिरींचं दान मागायला सुरुवात केली. त्याला कूपदान म्हणत. जिथं पाणी नाही त्या गावासाठी त्या एकेक विहीर मागत फिरल्या.