वीर बाबुराव शेडमाके : स्मरण व बोध

ऊर्जानगरच्या वसाहतीत नोकरीनिमित्त येऊन स्थायिक झालेली आपली गोंड कुटुंबे कोणी अहेरीकडील, कोणी घोटकडील, तर कोणी राजुऱ्याकडील आहेत. परंतु २१ ऑक्टोबर उजाडला की चंद्रपूरच्या कारागृहातील पिंपळापाशी सर्वांचे मस्तक सारखेच नम्र होते. त्या थोर पुरुषाचे अल्प चरित्र समाजबंधु-भगिनींस सादर करण्याचे आम्ही योजिले आहे.

बाबुराव पुल्लेसूरबापू शेडमाके यांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यात झाला. मोलमपल्ली ही अहेरीच्या मोठ्या जमीनदारीत मोडणारी लहानशी जमीनदारी होती. चांद्याचे गोंड राज्य १७५१ साली भोसल्यांकडे गेले, आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा होताच चांद्यावर इंग्रजांचा अंमल बसला. उत्तरेत बंडाचा वणवा पेटला असता बाबुरावांनी गोंड व रोहिले तरुणांची फौज उभारली आणि मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला. अडपल्ली व घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांस येऊन मिळाले. सरकारी फौजेशी त्यांच्या अनेक चकमकी झडल्या. २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे तारखात्याच्या छावणीवर हल्ला होऊन गार्टलंड व हॉल हे दोन इंग्रज मारले गेले.

यापुढील कथा सांगताना आमची लेखणी अडखळते. चांद्याचे डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रायटन यांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांजवर दडपण आणले. सप्टेंबरात लक्ष्मीबाईंच्या माणसांनी बाबुरावांस पकडून सरकारच्या हवाली केले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी, वयाच्या अवघ्या पंचविसाव्या वर्षी, ते चांद्यास फासावर चढले. व्यंकटराव बस्तरात निसटले. १८६० साली तेही पकडले जाऊन त्यांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्यांच्या जप्त जमीनदारीतील ६७ गावे लक्ष्मीबाईंस बक्षीस मिळाली.

आम्ही शिक्षक असताना हे चरित्र वर्गात सांगत असू, तेव्हा इंग्रजांनी पकडले एवढेच म्हणून पुढे सरकत असू. समोरच्या बाकांवर अहेरीकडील मुले बसलेली असत. त्यांच्या माना खाली जाऊ नयेत, हा हेतू. आज मागे वळून पाहता ते मौन आम्हांस योग्य वाटत नाही. भोसल्यांसारखे बलाढ्य राज्य चार वर्षांपूर्वीच बुडालेले लक्ष्मीबाईंनी पाहिले होते. जमीनदारी टिकविण्याचा विचार त्यांच्या मनात आला असेल तर नवल नाही. तथापि कारण समजून घेणे म्हणजे कृत्यास निर्दोष ठरविणे नव्हे, आणि ती ६७ गावे इतिहासातून पुसता येत नाहीत.

मात्र त्याचा दोष आजच्या लेकरांच्या माथी मारणे हाही तितकाच मोठा अन्याय होय. सोयरीक जुळविताना किंवा सभेत वाद माजला असता कोणी अहेरीचे नाव घेऊन टोमणा मारतो, तेव्हा आम्हांस अतोनात खेद होतो. तिकडील कित्येक घरांतील तरुण बाबुरावांच्या फौजेत नसतीलच, असे कोण म्हणेल?

सन २००९ मध्ये भारत सरकारने बाबुरावांचे टपाल तिकीट काढले. तो मान सर्व समाजाचा आहे. म्हणून पालकांस आमची विनंती की, मुलांस हे चरित्र पुरते सांगावे, काही गाळू नये. आणि सांगून झाल्यावर सर्वांनी एकाच पंक्तीस बसावे.