फादर आन्जेलो सेक्की : ताऱ्यांतील कार्बन ओळखणारे धर्मगुरू

आकाशातील तारे कशाचे बनले आहेत, हे माणसाला कधीच कळणार नाही, असे एकोणिसाव्या शतकातील काही नामवंत तत्त्वज्ञ ठामपणे सांगत असत. ज्यांनी हे मत खोटे ठरवले, त्यांत एक धर्मगुरूही होते. त्यांची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

आन्जेलो सेक्की यांचा जन्म १८१८ साली इटलीतील रेज्जो एमिलिया येथे झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी ते येशूसंघात दाखल झाले. १८४८ च्या क्रांतीत येशूसंघीयांना रोम सोडावे लागले. सेक्की प्रथम इंग्लंडला व नंतर अमेरिकेतील जॉर्जटाऊनला गेले. परत आल्यावर रोमन कॉलेजच्या वेधशाळेची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

नवी वेधशाळा त्यांनी चक्क चर्चच्या छतावर बांधली! रोममधील संत इग्नेशियस चर्चवर घुमट बांधायचे ठरले होते, पण तो झालाच नाही. (आतून घुमट दिसतो, तो रंगवलेला आहे.) त्या घुमटासाठी उभारलेल्या भक्कम खांबांवर दुर्बीण बसवण्यात आली. खाली मिस्सा, वर ताऱ्यांचे निरीक्षण! आम्हांला यात काही विसंगत वाटत नाही.

दुर्बिणीला लोलक जोडून त्यांनी ४००० हून अधिक ताऱ्यांच्या प्रकाशाचे पट्टे तपासले व ताऱ्यांचे गट पाडले. व्याधासारखे पांढरे, सूर्यासारखे पिवळे, ज्येष्ठासारखे तांबूस. १८६८ साली त्यांनी चौथा गट वेगळा काढला. हे तारे मंद आणि गडद लाल होते. त्यांच्या प्रकाशातील काळ्या पट्ट्यांवरून तेथे कार्बन असल्याचे त्यांनी ओळखले.

प्रकाशावरून द्रव्य ओळखण्याची ही रीत आज फार पुढे गेली आहे. नवे तारे ज्या वायूतून जन्मतात तो मुख्यतः हायड्रोजनचा असतो. पण थंड असताना त्याच्या रेणूंचा प्रकाश जवळजवळ मिळतच नाही. म्हणून चिलीतील आटाकामा वाळवंटातल्या दुर्बिणी दूरच्या दीर्घिकांतून येणाऱ्या कार्बन अणूंच्या लहरी मोजतात. कार्बन किती, यावरून हायड्रोजन किती असेल याचा अंदाज बांधतात. हायड्रोजनच्या मानाने कार्बनचे प्रमाण मात्र गृहीत धरावे लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे.

१८७० साली रोम इटलीच्या राज्यात गेले आणि १८७३ मध्ये सरकारने येशूसंघाची तेथील मालमत्ता ताब्यात घेतली. सेक्की यांच्यासमोर पेच होता. आपला संघ व पोपमहोदय यांच्याशी असलेली निष्ठा त्यांनी सोडली नाही आणि वेधशाळाही सोडली नाही. त्यांची जगभर एवढी कीर्ती होती, की सरकारने त्यांना तेथून हलवले नाही. २६ फेब्रुवारी १८७८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर वेधशाळा सरकारकडे गेली.